तीन भावंडांसाठी घरच्या अभ्यासक्रमाची निवड: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

मुले तीन, शाळेऐवजी घरीच शिकणारी. धाकटी ६ वर्षांची, मधला ९, थोरली १२. शिकवणारी मोठी माणसे दोन, पण एका वेळी हाताशी एकच. सकाळचे साडेतीन तास, म्हणजे २१० मिनिटे, पूर्ण मोकळी मिळतात. नवे सत्र मार्चमध्ये सुरू करायचे आहे, तोवर निवड संपली पाहिजे.

पहिले काम म्हणून तीन इयत्तांचे तीन तयार संच (पाठ्यपुस्तक, वर्कबुक, शिक्षक-मार्गदर्शिका) समोर ठेवले आणि प्रत्येकाची शिक्षक-मार्गदर्शिका उघडली. मुलांच्या पुस्तकाआधी मार्गदर्शिकाच वाचावी, कारण मोठ्या माणसाने शेजारी किती वेळ बसायचे हे फक्त तिच्यात कळते. हिशेब असा आला: धाकटीचे चार विषय, रोज ७० मिनिटे. मधल्याचे सहा, १२० मिनिटे. थोरलीचे सात, पण बरेचसे तिचे ती करेल असे धरून १०५ मिनिटे. शिवाय तिघांच्या पाठांची तयारी ४५ मिनिटे. एकूण ३४०. हातात २१०.

तीन संच एकेकटे पाहिले तर तिन्ही चांगले आहेत. एका घरात एकाच वेळी ते चालत नाहीत, कारण प्रत्येक संच एकच मूल गृहीत धरून लिहिलेला असतो. त्यामुळे निवडीची पहिली कसोटी ठरली: पाठाला मोठ्या माणसाची किती मिनिटे लागतात. चित्रे, कागद, नाव, कोणी शिफारस केली, हे सगळे त्यानंतर.

१० जानेवारी

राहत्या ठिकाणचे नियम आधी लिहून काढले: नोंदणी लागते का, कोणते विषय सक्तीचे, तासांची किंवा दिवसांची अट, वर्षअखेरीस अहवाल की परीक्षा. हे देशागणिक आणि कधी प्रांतागणिक बदलते, म्हणून दुसऱ्या घराचा तक्ता उचलू नये. सक्तीचे विषय एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावले. पुढे एखादा संच आवडला, पण त्यात सक्तीचा विषय नसला, तर तो वेगळा जोडायला लागणारी मिनिटे त्या संचाच्या खात्यात टाकायची.

१४ ते १६ जानेवारी. गणिताची पातळी

वयावरून इयत्ता ठरवली नाही. बहुतेक गणित संचांना प्रवेश चाचण्या असतात. त्या घेण्याची पद्धत: मूल जिथे असेल असे वाटते त्याच्या दोन पायऱ्या खालून सुरुवात करायची. एका बैठकीत २० ते २५ मिनिटे, त्याहून जास्त नाही. मदत शून्य, ‘नीट बघ’ एवढेसुद्धा म्हणायचे नाही. एका पायरीवर ८० टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर आली की थांबायचे. जिथे थांबलो तीच शिकवण्याची पायरी. खालून सुरू केल्याने मुलाला आधी येणारी गणिते मिळतात आणि पोकळ्याही सापडतात. वरून खाली आलो तर पहिल्या दहा मिनिटांतच मूल खचते आणि पुढची चाचणी निरुपयोगी होते.

नुसते गुण लिहून उपयोग नाही. प्रत्येक चुकीपुढे एक खूण केली: कल्पना, आकडेमोड किंवा घाई. मधल्याच्या कागदावरचे एक उदाहरण इथे उतरवून ठेवतो:

५०३ − २६८ = ३६५

बरोबर उत्तर २३५. आकडेमोडीत तो कच्चा नाही. एकेक स्तंभ पाहिला तर प्रत्येक वजाबाकी अचूक आहे. ३ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने ८ मधून ३ घालवले, ० मधून ६ जात नाहीत म्हणून ६ च ठेवले. म्हणजे प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा. हातच्याची वजाबाकी त्याला नियम म्हणून कधीतरी सांगितली गेली, पण शतक मोडून दहा दशके होतात हे हाताने कधी करून पाहिलेले नाही. मधे शून्य आले की हीच चूक उघडी पडते, एरवी झाकलेली राहते. पुढे भागाकारात तीच अडवेल.

त्यामुळे मधला गुणाकारात वयाच्या पायरीवर, वजाबाकीत दोन पायऱ्या खाली. अशा वेळी पूर्ण खालचे पुस्तक घेऊ नये. खालच्या पुस्तकातला तेवढाच भाग काढायचा आणि दहा-बारा दिवसांत काड्यांच्या जुड्या मोडून पक्का करायचा. पूर्ण पुस्तक मागे नेले तर येणाऱ्या गोष्टींचा कंटाळा येतो आणि नेमका नको तिथे वेळ जातो.

थोरलीची पोकळी अपूर्णांकांच्या भागाकारात. धाकटी २० पर्यंत मोजते, दशकाची कल्पना अजून नाही.

१९ जानेवारी. वाचन

मोजणी साधी. मुलाने आधी न पाहिलेला १०० शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायचा. ५ पर्यंत चुका असतील तर ते पुस्तक एकट्याने वाचायला योग्य. ६ ते १० असतील तर शेजारी बसून. त्याहून जास्त असतील तर ते पुस्तक वाचून दाखवण्याचे, वाचायला देण्याचे नव्हे. शेवटी दोन प्रश्न अर्थाचे विचारायचे, कारण काही मुले अडखळत नाहीत आणि त्यांना समजतही नाही.

धाकटी काना-मात्रा सहज वाचते, पण ‘चित्र’ शब्दावर थांबली. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर येतो; त्यावर लगेच जोडाक्षर. दोन अडचणी एका शब्दात. वाचनाचा संच निवडताना म्हणून एकच गोष्ट तपासली: पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्यात पुरेसे पाठ आहेत का. पाहिलेल्या तीनपैकी दोन संचांत दोन्ही एकाच आठवड्यात आणले आहेत. तिसऱ्यात ‘दिवस, किरण, गणित’ अशा शब्दांवर पूर्ण दोन आठवडे आहेत, जोडाक्षरे त्यानंतर, आणि रफार सगळ्यांत शेवटी. तो ठेवला. चित्रे इतर दोघांची जास्त सुंदर आहेत, हे खरे.

२३ जानेवारी. विषयांची विभागणी

सगळे विषय दोन ढिगांत टाकले. पहिल्या ढिगात जिन्याचे विषय: गणित, वाचन, शुद्धलेखन, व्याकरण. यांत मागची पायरी चुकली तर पुढची चढता येत नाही. हे प्रत्येकाचे वेगळेच राहणार. इथे मिनिटे वाचवायला जाऊ नये. दुसऱ्या ढिगात पटांगणाचे विषय: इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला, संगीत, मोठ्याने वाचून दाखवायची पुस्तके. इथे कुठूनही आत शिरता येते. ज्वालामुखी आधी शिकला की नद्या आधी, याने नऊ वर्षांच्या मुलाचे काही अडत नाही.

पटांगणाचे सगळे विषय तिघांचे एकत्र. मिश्र वयात शिकणे ही काही तडजोड नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली, आणि त्यांच्या पद्धतीत आजही ३ ते ६, ६ ते ९, ९ ते १२ असे तीन-तीन वर्षांचे गट असतात. आपल्याकडे फरक सहा वर्षांचा आहे, म्हणून एक पाठ, तीन कामे असे करावे लागेल.

इतिहासाला चार वर्षांचे चक्र घेतले: प्राचीन, मध्ययुगीन, आरंभीचे आधुनिक, आधुनिक. सहाव्या वर्षी शिरलेले मूल अठरापर्यंत हेच चक्र तीनदा फिरते, दर वेळी जास्त खोलात. चक्र चालू असताना धाकटे मूल मधेच शिरले तरी बिघडत नाही, पुढच्या फेरीत राहिलेला भाग येतोच. विज्ञानाचेही चक्र करता येते, पण ते बारा-तेरा वर्षांपर्यंतच. त्यापुढे घनता, वेग, समीकरणे येतात आणि विज्ञान जिन्याच्या ढिगात सरकते. थोरलीचे विज्ञान पुढच्या सत्रात वेगळे करायचे, हे आत्ताच लिहून ठेवले.

नवा हिशेब: वेगळे विषय धाकटी ४५, मधला ४०, थोरली ३५, मिळून १२० मिनिटे. एकत्र ६० मिनिटे (वाचून दाखवणे २०, पाठ ४०). तपासणी २०. एकूण २००. दहा मिनिटे शिल्लक. कमी आहेत, पण आहेत.

२ फेब्रुवारी. गणित: चक्राकार की एकेक विषय पक्का?

गणिताचे संच साधारण दोन घडणींचे. चक्राकार संचात रोज नवे थोडे आणि जुने बरेच. अपूर्णांक दर पंधरा दिवसांनी परत भेटतात. दुसऱ्या घडणीत एकच विषय चार-सहा आठवडे, पक्का होईपर्यंत. एकाच मुलासाठी दोन्ही चालतात, मुलाच्या स्वभावावर आहे. भावंडांच्या घरी मात्र एक वेगळा फरक पडतो आणि तो संचाच्या जाहिरातीत कुठे लिहिलेला नसतो.

चक्राकार संचात नवी कल्पना रोज असते, तीही तिघांना. म्हणजे रोज तीनदा शेजारी बसणे आले. एकेक विषयाच्या संचात नवी कल्पना आठवड्यातून एक-दोनदा येते, बाकी दिवस सराव. मग नव्या पाठांचे दिवस सरकवता येतात: सोमवारी थोरली, मंगळवारी मधला, बुधवारी धाकटी. ज्याचा नवा दिवस त्याला ३५ मिनिटे, इतर दोघांना दहा-दहा.

या घडणीचा तोटाही नोंदवतो. सहा आठवडे अपूर्णांक केले की तोवर भागाकार विसरतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले तेच: विसरण्याचा वेग सुरुवातीला फार आणि नंतर मंद. उपाय म्हणून एक पेटी, चार कप्पे. नव्या प्रकारचे एक-एक गणित कार्डावर. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी. चुकले की कार्ड पहिल्या कप्प्यात परत. रोज पाच कार्डे, पाच मिनिटे.

एक सावधगिरी: वर्षाच्या मधे एका घडणीतून दुसरीत उडी मारू नये. क्रम वेगळा असतो. एकात अपूर्णांक भागाकाराआधी, दुसऱ्यात नंतर. उडी मारली की एक विषय दोनदा होतो आणि दुसरा एकदाही होत नाही. बदलायचेच असेल तर नव्या संचाची प्रवेश चाचणी घेऊन.

९ ते २० फेब्रुवारी. चाचणी

दोन्ही घडणींचे नमुना पाठ एकेक आठवडा चालवले. घड्याळ टेबलावर, चार रकाने: शेजारी बसलेली मिनिटे, मुलाने वाट पाहिलेली मिनिटे, तयारीची मिनिटे, चुका.

चक्राकार संचाच्या आठवड्यात गणिताला रोजची सरासरी ६७ मिनिटे गेली, दुसऱ्याला ४५. खरी गोष्ट वाट पाहण्याच्या रकान्यात दिसली: मधला रोज सरासरी २४ मिनिटे नुसता बसून होता. धाकटीला सोडता येत नाही, थोरलीचा प्रश्न अवघड, त्यामुळे रांगेत मधला नेहमी तिसरा. दुसऱ्या आठवड्यात त्याची वाट ९ मिनिटांवर आली. त्यात थोडा वाटा खाली लिहिलेल्या नियमांचाही आहे, सगळे श्रेय संचाला देता येणार नाही.

नियम तीन. सकाळची सुरुवात धाकटीपासून, कारण तिचे लक्ष पंधरा-वीस मिनिटे टिकते आणि ती ताजी असतानाच वाचन होते. अडले की पेन्सिलीने गोल करायचा आणि पुढच्या गणितावर जायचे. उठून यायचे नाही. प्रत्येकाच्या टेबलाशी मदत न लागणारे एक काम कायम तयार हवे: थोरलीला वाचन, मधल्याला कार्डांची पेटी, धाकटीला आकड्यांच्या ठोकळ्यांची मांडणी.

गणिताला दुसरी घडण निवडली.

२१ फेब्रुवारी

पुस्तकांवरचे इयत्तेचे आकडे कागद चिकटवून झाकले. भावंडे शेजारी बसतात तिथे ‘तुझे तिसरीचे, माझे चौथीचे’ हे पहिल्या दिवशीच सुरू होते. दोघांत दोन वर्षांहून कमी अंतर असेल आणि धाकटा वेगवान असेल, तर गणिताचे संचच वेगळ्या मालिकांचे घ्यावेत, तुलना करताच येऊ नये असे.

२३ फेब्रुवारी. एकत्र पाठाची परीक्षा: सावलीची काठी

विज्ञानाच्या दोन संचांपैकी कोणता तीन वयांना पेलतो हे पाहायला एकच पाठ घेतला. मोकळ्या सपाट जागेत १ मीटर काठी उभी, सकाळपासून दर अर्ध्या तासाला सावलीचे टोक.

धाकटी टोकावर खडा ठेवते आणि खड्यांची रांग कुठे वळते ते बोलून सांगते. मोठे माणूस तिचे वाक्य लिहून घेते. मधला लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून स्तंभालेख काढतो. थोरली सूर्याची उंची काढते. त्रिकोणमिती अजून नाही, म्हणून प्रमाणात आकृती: काठीसाठी १० सेंमी उभी रेघ, सावली ५८ सेंमी असेल तर ५.८ सेंमी आडवी, टोके जोडून सावलीच्या टोकाशी कोनमापक. साधारण ६० अंश येतात. सावली काठीएवढी, म्हणजे १०० सेंमी झाली की ४५. १७३ सेंमी असताना ३०.

पहिल्यांदा आकडे बिघडले, दोन कारणांनी. काठी डोळ्यांनी सरळ वाटत होती, ओळंबा लावल्यावर एका बाजूला कललेली निघाली. दुसरे, सावलीचे टोक धूसर. सूर्य ठिपका नाही, त्याचा विस्तार सुमारे अर्धा अंश आहे, त्यामुळे टोकाशी उपच्छायेचा, म्हणजे अर्धवट सावलीचा, एक-दोन सेंटिमीटरचा पट्टा पडतो; सूर्य खाली असताना आणखी लांब. धाकटीचा खडा आणि मधल्याची पट्टी वेगवेगळ्या जागा धरत होत्या. उपाय: काठीच्या टोकाला जाड कागद, त्यात ५ मिमीचे भोक, कागद साधारण सूर्याकडे तोंड करून. जमिनीवर सूर्याचा गोल उजेड पडतो, त्याचा मध्य धरायचा. काठीची उंची मग भोकापर्यंत मोजायची, टोकापर्यंत नव्हे.

दोन्ही संचांत हा पाठ आहे. पहिल्यात ‘सावली दुपारी १२ वाजता सर्वांत लहान असते’ असे थेट छापले आहे. सर्वांत लहान सावली सूर्य त्या दिवशी सर्वांत उंच असताना, आणि घड्याळाचे १२ तेव्हाच वाजतील असे नाही. मुलांच्या स्वतःच्या मोजणीत ते दिसते. मुलांनी मोजलेले आणि पुस्तकाने सांगितलेले जुळले नाही तर सहा वर्षांचे मूल पुस्तक खरे मानते. दुसऱ्या संचात प्रश्न आहे: ‘सर्वांत लहान सावली किती वाजता पडली?’ तो घेतला.

यावरून एकत्र पाठासाठी ठरवलेली रीत: मजकूर वरच्या वयाचा निवडायचा, काम खालच्या वयाचे कमी करायचे. बोलताना सोपे करणे जमते. मुळात पातळ मजकूर बारा वर्षांच्या मुलीसाठी घट्ट करता येत नाही. फक्त पाठाची लांबी धाकटीच्या लक्षाएवढी ठेवायची.

२५ फेब्रुवारी. ऐकून सांगणे

इतिहास आणि वाचून दाखवण्याची पुस्तके यांना प्रश्नपत्रिका नाहीत. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी रूढ केलेली रीत घेतली: एकदा ऐकायचे आणि आपल्या शब्दांत सांगायचे. भावंडांत क्रम महत्त्वाचा. धाकटीने आधी, मग मधल्याने भर घालायची, थोरलीने शेवटी राहिलेले आणि कारणे. उलट केले तर पहिल्या मिनिटात सगळे सांगून होते आणि बाकी दोघे ‘मला पण तेच म्हणायचे होते’ म्हणून सुटतात. थोरली आठवड्यातून दोनदा हेच लिहून देईल, एक पान.

२ मार्च. वर्षाचे गणित

३६ आठवडे, आठवड्याला चार दिवस पाठ, पाचवा राहिलेल्यासाठी. ३६ × ४ = १४४ पाठ. निवडलेल्या गणिताच्या पुस्तकात १७० पाठ. २६ जास्त. पाचवा दिवस पाठांना दिला तर पहिल्या तापातच वेळापत्रक मोडते. बहुतेक पुस्तकांचे पहिले वीस-पंचवीस पाठ मागच्या वर्षाची उजळणी असतात, म्हणून त्या भागाची चाचणी घेऊन येणारे पाठ गाळायचे. मधल्याचे वजाबाकीचे पाठ गाळायचे नाहीत. उरलेले दोन-चार पाठ सरावाच्या दिवसांत जोडून.

५ मार्च. खरेदी

क्रम असा ठेवला: आधी शिक्षक-मार्गदर्शिका आणि उत्तरसूची, मग पाठ्यपुस्तक, शेवटी वर्कबुक. ज्या पुस्तकात लिहायचे नसते ते तिन्ही मुलांना एकामागून एक चालते. वर्कबुक प्रत्येकाला नवे लागते. झेरॉक्स काढायची घरापुरती परवानगी आहे का ते पहिल्या पानावर पाहावे, काही प्रकाशक देतात, काही नाही. ऑनलाइन संचात वर्गणी मुलामागे की कुटुंबामागे, हे तीन मुलांच्या घरी सगळा हिशेब उलटवते. एकत्र विषयांचे पूर्ण वर्षाचे साहित्य घेतले, जिन्याच्या विषयांचे फक्त पहिल्या सत्राचे. पायरी चुकली असेल तर सहा आठवड्यांत कळते.

३० मार्च. तिसरा आठवडा

थोरलीच्या ‘स्वतः करेल’ या रकान्यात गळती. आठ दिवसांच्या वह्या एकदम तपासल्या तेव्हा अपूर्णांकांच्या भागाकारात पहिल्या दिवसापासून एकच चूक दिसली: भाजकाऐवजी पहिला अपूर्णांक उलटा. चाळीसेक गणिते चुकीचा सराव पक्का करत गेली. मूल एकटे काम करते म्हणजे शेजारी बसायची मिनिटे वाचतात, तपासणीची नाही. आता रोज पहिली तीन गणिते झाली की वही दाखवायची, मगच पुढची. दोन मिनिटांचे काम आहे. उत्तरसूची मोठ्यांकडे, दिवसअखेर ती स्वतः वेगळ्या रंगाने तपासते आणि चूक का झाली ते एका ओळीत लिहिते.

२० एप्रिल. सहावा आठवडा

मोजणी: सरासरी २०४ मिनिटे. एकत्र पाठ ४० वरून ५० वर गेले आहेत, ते थांबवावेत असे वाटत नाही. ती दहा मिनिटे धाकटीच्या हस्ताक्षरातून काढली होती, ती चूक. तिला ती परत दिली आणि चित्रकला पाचव्या दिवशी नेली.

धाकटीचे १०० शब्दांत ७ अडखळणे, ‘चित्र’ सुटले, रफारावर आली.

मधल्याला न सांगता मधे शून्ये असलेले गणित दिले: ६००४ − १७३८. त्याने आधी काडीजुड्यांची पेटी ओढली, मग बाजूला सारली. हजारातला एक मोडला, ५ लिहिला, शतकाच्या घरात १० लिहून त्याचे ९ केले, दशकाच्या घरातही ९, एककात १४. उत्तर ४२६६. खालच्या पुस्तकातला भाग बंद. उद्यापासून त्याच्या पायरीचा भागाकार. थोरलीच्या वेगळ्या विज्ञानासाठी दोन संच मागवले आहेत, मार्गदर्शिका आधी.